शमालमधली शिरगणती

कुणाच्याही दारात उभं राहून "तुमच्या घरात किती माणसं राहतात?" असं विचारणं, हे माझं त्या हिवाळ्यातलं काम होतं. आमच्या कंपनीला कतारच्या उत्तर टोकाकडच्या वस्त्यांची पाहणी करायचं कंत्राट मिळालं होतं. कोण राहतं, पोटापाण्याला काय करतं, पाणी नळाचं की टँकरचं, एसी चालतो का, दवाखाना किती लांब, असले पंचवीसेक प्रश्न. मी फील्ड सुपरवायझर. हाताखाली सहाजण, आणि डोक्यावर एक जॉर्डनचा मॅनेजर, जो प्रत्येक फॉर्म स्वतः वाचायचा. फॉर्म वाचणारा साहेब नशिबी यावा यासारखी पीडा नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे.

मी मदिनत अश शमालमध्येच राहतो, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. आम्ही त्याला नुसतं शमाल म्हणतो. गाव म्हणावं तर रस्ते रुंद, शहर म्हणावं तर संध्याकाळी रस्त्यावर मांजरंच जास्त. निम्म्या बंगल्यांना आठवडाभर कुलूप, कारण मालक नोकरीला दोह्यात आणि गुरुवारी संध्याकाळी इकडे. मोजायला लागल्यावर लक्षात आलं की इथलाच म्हणावा असा माणूस थोडाच. चहावाला केरळचा, शिंपी बांगलादेशी, शाळेतले मास्तर इजिप्तचे, दवाखान्यातल्या नर्सा फिलिपिन्सच्या, मच्छीमार बोटींवर तमिळ पोरं. सगळे कुठून तरी आलेले आणि कुठं तरी परत जायचे. आणि बहुतेक पुरुषच. बायकामुलांचे रकाने पानामागून पान रिकामे जायचे.

माझ्याही घरात त्या वेळी मी एकटाच होतो. बायको जूनमध्ये लेकीच्या अ‍ॅडमिशनसाठी पुण्याला गेली ती अजून आली नव्हती. इथला नियम असा की सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं की निवास परवाना जातो. डिसेंबर उजाडला होता. म्हणजे तिच्याकडे दोन-अडीच आठवडे उरले होते, आणि ती येणार की नाही हे मी तिला एकदाही सरळ विचारलं नव्हतं. मी तिकिटांबद्दल बोलायचो. "पंधरा तारखेची फ्लाइट बरी दिसतेय," असं म्हणायचो. ती "बघू" म्हणायची आणि विषय लेकीच्या कॉलेजवर जायचा.

पूर्वी आम्ही दोह्याजवळच्या अल गराफाला राहायचो. तिथं तिचा गोतावळा होता. शेजारी नाशिकचे, पलीकडे मुंबईचे, हळदीकुंकवाला वीस-पंचवीस बायका सहज जमायच्या. दर शुक्रवारी ती आमच्या हॉलमध्ये सोसायटीतल्या मुलांना मराठी शिकवायची. मुलं सगळं समजून घ्यायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची, त्यावर ती चिडायची आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा चिवडा करून ठेवायची. मग माझं ऑफिस शमालला हललं. रोज जाऊन-येऊन दोन तास ड्रायव्हिंग, कंबर बोंबलायला लागली, म्हणून घर इकडे घ्यायचं मीच ठरवलं. तिला विचारलं होतं. म्हणजे सांगितलं होतं, आणि ती "बरं" म्हणाली होती.

शमालला तिला कुणी मिळालं नाही. गाडी तिला येत नाही. सकाळी लेक दोह्याच्या शाळेत आणि मी ऑफिसात गेलो की वारा, खिडकीच्या फटीतून येणारी बारीक रेती, आणि ती पुसायचं फडकं. एकदा मी घरी आलो तर म्हणाली, "आज दिवसभरात मी मराठीत बोललेलं हे पहिलं वाक्य." मी बूट काढता काढता म्हणालो, "मी तरी ऑफिसात कुठं मराठी बोलतो?" हे उत्तर तेव्हा मला फार बिनतोड वाटलं होतं. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

तर पाहणी. मी तरुणपणी दोनेक वर्षं सिन्नरकडे शिक्षक होतो, तेव्हा जनगणनेची ड्यूटी केली होती. तिथं आम्हाला शिकवलं होतं की एका स्वयंपाकात जेवतात ते एक कुटुंब. एकाच घरात दोन भाऊ दोन चुली मांडून बसले असतील तर कुटुंबं दोन. हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की इथंही माझा पहिला प्रश्न तोच. "खाना किधर खाते हो?" हाताखालच्या पोरांनाही मी तेच शिकवलं. फॉर्मवर मात्र दुसरंच लिहिलं होतं. बहुतेक रात्री माणूस जिथं झोपतो, तिथला तो. मी ते वाचलं होतं. पण माणूस जिथं जेवतो तिथलाच असणार, यात वाचण्यासारखं काय आहे, असं मला वाटत होतं.

ही चूक मॅनेजरनं पकडली. पश्चिमेकडच्या एका शेतावर खजुराची झाडं, लसूणघास आणि पंपाशेजारी हिवाळ्यातही दुपारी तापणारी एक पत्र्याची पोर्टा केबिन होती. मी तिच्यापुढे "रिकामी" असं भरलं होतं. मॅनेजरनं फॉर्मला जोडलेला फोटो टॅबलेटवर मोठा करून दाखवला. केबिनच्या दाराशी चपला, दोरीवर लुंगी, आणि भिंतीतल्या एसीखाली पाणी ठिबकून झालेला ओला डाग. "रिकाम्या खोलीचा एसी कोण चालवतं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, तो माणूस पलीकडच्या शेतावर जेवतो, तिथल्या आठजणांत मी त्याला मोजलाय. त्यानं चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाला, "पण तो राहतो इथं." मग माझ्या टीमचे तीन दिवसांचे फॉर्म परत आले. पोरं माझ्याकडे बघत होती आणि मी टॅबलेटकडे.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच त्या केबिनवर गेलो. पंपवाला तेलंगणाचा, पन्नाशीचा, माझ्याच वयाचा. मी काय लिहिलं होतं ते त्याला सांगायची गरज नव्हती, पण माझ्या तोंडून निघून गेलं. तो हसला नाही.

"सात साल से इधर सोता हूँ साहब. खाली कैसे लिखा?"

मी माफी मागितली. जेवायला तो का जातो, तेही त्यानं सांगितलं. तिकडचा स्वयंपाकी त्याच्या गावाकडचा, आमटीत चिंच घालतो. रोज संध्याकाळी दोन किलोमीटर चालत जायचं, जेवायचं, तेलुगूत चार शब्द बोलायचे आणि परत. घरात कोण कोण, असं विचारल्यावर त्यानं बायको, दोन मुली, म्हातारी आई, सगळी नावं वयासकट सांगितली. हेही आता सवयीचं झालं होतं. सगळे पुरुष आधी तिकडची माणसं सांगत. मग मी टॅबलेटवर बोट ठेवून म्हणायचो, नाही, इकडे कोण? आणि ते म्हणायचे, इकडे मीच.

त्यानं मला दुधात उकळलेला कडक करक चहा दिला. कप हातात देताना सहज विचारलं, "आपके घर में कितने लोग?"

"दो," मी म्हणालो.

"भाभी इधर है?"

"छुट्टी पे गई है."

"कितना महीना हुआ?"

"छह होने को आए."

तो कागदपत्रांच्या बाबतीत माझ्यापेक्षा तयार होता. "फिर तो जल्दी बुलाओ साहब, नहीं तो वीजा खलास." मी हो म्हणालो आणि चहा गरम असतानाच संपवला. जीभ पोळली. परतताना गाडीत मला त्याचा राग आला, उगाचच. त्यानं काहीच वाईट म्हटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला सगळं दिसत होतं. सप्टेंबरात तिनं कपाटातली निळी फाइल मागवली होती, डी.एड.ची मूळ प्रमाणपत्रं असलेली. ऑफिसातला एकजण पुण्याला चालला होता, त्याच्याबरोबर मी ती पाठवलीही. कशाला हवी, हे विचारलं नाही. पुढे लेकीच्या बोलण्यात आलं की आई सकाळी शाळेत जाते. मी म्हणालो, वा, छान, वेळ जातो. वेळ जातो! वीस वर्षं संसार केलेल्या माणसानं किती कानाडोळा करावा यालाही काही मर्यादा असते, पण मी ती केव्हाच ओलांडली होती.

शमालमध्ये राहणारा म्हणून माझ्याही घराचा फॉर्म भरायचा होता. तो मी पहिल्याच आठवड्यात भरून टाकला होता. दोन माणसं. मॅनेजरनं तोही वाचला. मला ऑफिसातल्या त्याच्या केबिनमध्ये बोलावून दार लावलं, हे त्यानं चांगलं केलं. म्हणाला, तुझी बायको जूनपासून इथं झोपलेली नाही. मी म्हणालो, ती तात्पुरती गेलीय, परत येणार असलेली माणसं धरायची असा नियम आहे, या वेळी मी नीट वाचलाय.

"येणार आहे?"

"इन्शाल्ला."

"तिनं सांगितलंय?"

मी टॅबलेटची काच बाहीनं पुसली. तो म्हणाला, दुसऱ्याच्या वतीनं उत्तर लिहायचं नाही, हे तूच तुझ्या टीमला शिकवतोस. तिला विचार आणि मग भर. रविवारी दे. आवाज चढवला असता तर मला भांडता आलं असतं. त्यानं चढवला नाही.

शुक्रवारी सकाळी आंघोळ करून मी फोन लावला. टॅबलेट मांडीवर होता. ती मटार सोलत बसली होती. व्हिडिओत तिचे हात आणि परात दिसत होती, चेहरा वरच्या कडेला अर्धा. मागे लेक कुणाशी तरी फोनवर हसत होती. घर भरलेलं वाटत होतं. माझ्याकडे फ्रीजचा आवाज येत होता. मी तिला पंपवाल्याची गोष्ट सांगितली. चपला, लुंगी, ओला डाग, सगळं. ती हसली आणि म्हणाली, "अहो, चपला दिसत होत्या ना तुम्हाला?"

"दिसत होत्या गं. पण मी तो जेवतो कुठं तेवढंच विचारलं, झोपतो कुठं ते नाही."

मग मी म्हणालो, "आपल्याही घराचा फॉर्म आहे. त्यात किती माणसं लिहू?"

"हे काय मला विचारायचं?"

"तुलाच विचारायचंय. परत येणार असेल तर बाहेर असलेलं माणूसही धरतात."

तिचे हात थांबले. "तुम्ही काय लिहिलंय?"

"दोन."

सोललेले दाणे तिनं परातीच्या एका बाजूला केले, सालं दुसऱ्या. मग फोन उचलून समोर धरला. जवळजवळ सहा महिन्यांत पहिल्यांदा तिचा पूर्ण चेहरा मला नीट दिसला. केस कापले होते. मला ठाऊक नव्हतं.

"एक लिहा," ती म्हणाली.

मी म्हणालो, "अगं, परवान्याचं काय, आपण मुदत वाढवून घेऊ, अर्ज करता येतो." मी पुष्कळ बोललो. नियम, फी, अल गराफाला परत घर घ्यायचं, मी करीन जाऊन-येऊन, कंबर गेली खड्ड्यात. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मला आता तुमचा राग येत नाही," ती म्हणाली. "आधी यायचा. पण मला तिथं कुणीच नव्हतं हो."

"मी होतो की."

"तुम्ही संध्याकाळी होतात."

फोनमध्ये कुकरची शिट्टी झाली. तिनं विचारलं, "तुम्ही कधी येताय?" माझ्या नोकरीचं काँट्रॅक्ट अजून दोन वर्षांचं आहे हे तिला माहीत होतं, तरी मी सांगितलं. ती म्हणाली, "दोन वर्षं. बरं." हे "बरं" मी आधीही ऐकलं होतं. घर बदलताना. तेव्हा त्यात काय होतं ते मला या वेळी ऐकू आलं. मी म्हणालो, "मी लवकर येण्याचं बघतो." ती म्हणाली, "बघा," आणि आम्ही फोन ठेवला.

मी आकडा बदलला. दोन पुसून एक केला. मला वाटलं होतं, आता पुढचं पान येईल, सोबत कोण राहतं, नातं काय, वय काय. एका खोलीत आठ-आठजण राहणाऱ्या शेकडो पुरुषांच्या दारात ते पान मी अंगठ्यानं पुढे ढकललं होतं. ते आलंच नाही. एकटा माणूस असला की टॅबलेट ते पान दाखवत नाही, सरळ पुढे जातो, हे मी माझ्याच टीमला शिकवलं होतं आणि त्या क्षणी साफ विसरलो होतो. पुढचा प्रश्न आला, पाणी नळाचं की टँकरचं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून बघितला.