साहेबाने हात न लावलेला जिताडा

१९५२ साल. मी चोवीस वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत. शहाडला एका कारखान्यात नवी यंत्रं बसत होती, तिथे मी खलाशी होतो, म्हणजे जड यंत्रं साखळीने उचलून जागेवर ठेवायची. ती जोडायला परदेशातला एक साहेब आलेला. त्याला हिंदीचे चार शब्द यायचे, मला इंग्रजीचे दोन. माझ्या तांदळाच्या भाकरीकडे तो रोज बघायचा. शेवटी मी त्याला खुणेने सांगितलं, रविवारी घरी ये. आणि साहेब माझ्याकडे जेवणार, हे सगळ्या गावाला सांगून ठेवलं.

बायकोने जिताड्याचं कालवण केलं. पाहुण्याला आमच्यात याहून मोठा मासा नाही. साहेब पाटावर बसला, गुडघे पार कानाला लागलेले. मी बाजूला तांब्या घेऊन उभा. पाहुण्याचं होईपर्यंत घरधनी बसत नाही, ही आमची रीत.

साहेब जेवेचना. हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघून हसायचा. मी "खाओ" म्हटलं की तोही मला "खाओ" म्हणायचा. मला वाटलं, हात धुवायचे राहिले. पुन्हा पाणी घातलं, त्याने पुन्हा धुतले. मग वाटलं, चमचा हवा. शेजारून आणला. तो त्याने ताटाशेजारी नीट ठेवला. तिखटाला घाबरतो म्हणून केळं दिलं, तेही तसंच. बायकोने तीनदा भाकरी बदलली. दारात ही गर्दी. त्याने शेजारचा रिकामा पाट थोपटून दाखवला. मी मान हलवली. माझ्या घरात मी रीत मोडणार नव्हतो.

बऱ्याच वेळाने तो उठला, हात जोडले आणि गेला. शेजारच्या म्हातारीने विचारलं तर मी सांगितलं, पोटभर जेवला.

पाहुणा जेवला नाही म्हणून मी बसलो नाही, मी बसलो नाही म्हणून बायको. जिताडा अख्खा टोपात. चुलीपाशी ती तोंड फिरवून म्हणाली, "माझ्या दारातून मानूस उपाशी गेला."

मी म्हटलं, त्यालाच खायचं नव्हतं, मी काय करू?

"तो तुमची वाट बगत व्हता. मी रोज बगतंय तशी."

मी म्हटलं, बाईमाणसाची गोष्ट वेगळी. पाहुण्याने घरधन्यासाठी खोळंबायचं, हे कुठल्या मुलखात असतं? ती तशीच जाऊन निजली. तिने भांडी पण घासली नाहीत. तिचं म्हणणं मला आजही नीटसं पटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच कालवण गरम करून डब्यात घेतलं, भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि कामाचा भोंगा व्हायच्या आत साहेबासमोर जाऊन मांडी घातली. डबा मधे ठेवला, आणि पहिला घास मी घेतला.