बाबांची गाडी आणि बूटपॉलिशच्या सीटा

बाबांनी ती जुनी गाडी घेतली ती सीटांसाठी. हुडको कॉलनीत आमच्या घरासमोर राहणारे एक साहेब भिलाई सोडून मुलाकडे राहायला चालले होते आणि त्यांची पंधरा-सोळा वर्षांची गाडी शेडमध्ये धूळ खात उभी होती. बाबा स्टील प्लांटमधून क्रेन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले. सगळी नोकरी लोखंडी केबिनमध्ये, फाटक्या रेक्झिनवर बसून केलेली. त्यांनी गाडीचं दार उघडलं, आतल्या तपकिरी लेदरवरून हात फिरवला आणि इंजिन न पाहताच होकार देऊन टाकला.

लेदर खरं होतं, पण बसायच्या जागी रंग उडाला होता आणि बारीक भेगा पडल्या होत्या. आईने एका भेगेत नख घालून पाहिलं आणि म्हणाली की ही सीट नाही, माझी टाच आहे. ते बाबांना लागलं. सीटा आपण स्वतः नव्या करायच्या असं त्यांनी ठरवलं. ड्यूटीच्या बुटांना त्यांनी इतकी वर्षं रोज पॉलिश केली होती, त्यामुळे चामड्याचं आपल्याला कळतं याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. तपकिरी पॉलिशच्या चार डब्या आणि एक ब्रश घेऊन ते दोन दिवस गाडीत बसून होते. सीटा आरशासारख्या चमकल्या. आत बसलं की आपण एखाद्या मोठ्या बुटात शिरलोय असं वाटायचं, पण तेवढं चालण्यासारखं होतं.

त्याच आठवड्यात दुर्गला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. बाबांनी मोठ्या भावाला, म्हणजे माझ्या मोठेबाबांना, फोन करून सांगितलं की हॉलवरून नवरा-नवरीला घरी न्यायला दुसरी गाडी बघू नका, आपल्याकडे लेदरची आहे.

मे महिना होता. गाडीचा एसी फक्त आवाज करायचा. आमच्याकडच्या बौद्ध लग्नात शोभेल तसे आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत होतो. बाबा कुडता-पायजम्यात, आई आणि लग्नासाठी आमच्याकडे आलेली मावशी निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्यांत, मी सलवार-कमीजमध्ये. दुर्गला उतरताना मावशी सीटवरून सुटेना. मी हात धरून ओढलं तेव्हा पट्टी उपटल्यासारखा आवाज आला आणि ती बाहेर आली. तिच्या पाठीवर, आणि पाठीच्या बरंच खाली, सीटची प्रत्येक शिवण तपकिरी रंगात उमटली होती. मग मी आईची पाठ पाहिली. मग आम्ही सगळ्यांनी बाबांची पाहिली.

बाबा हळू आवाजात म्हणाले, "कोणी पलटू नका. भिंतीले धरून चला."

आम्ही चौघं खेकड्यांसारखे आडवे चालत हॉलमध्ये गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. वंदनेला उभं राहावं लागलं, पण मागे फक्त भिंत होती. फुलं टाकून झाल्यावर स्टेजवर जायची वेळ आली. बाबांनी नवरदेवाला आशीर्वाद दिला आणि दोन्ही हात जोडून, हसत हसत, उलट्या पावली पायऱ्या उतरले. नवरीकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना वाटलं की ही काही विशेष आदराची पद्धत असावी. तेही उलटे उतरले.

मग मोठेबाबा गाडीला फुलांच्या माळा लावायला निघाले. बाबांनी त्यांना अडवून सांगितलं की गाडी बंद पडली आहे, सुरूच होत नाही. लग्नातल्या उत्साही लोकांना एवढंच हवं असतं. सहा-सात जण धावले, चावी फिरवली आणि जी गाडी रोज तीन वेळा खोकल्याशिवाय उठत नसे, ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. आता नवरी पांढऱ्या शालूत दाराशी उभी होती आणि बाबा दाराला टेकून हलत नव्हते.

मोठेबाबा चिडून विचारत होते, कावून अडवून राहिला. शेवटी आई पुढे आली आणि भर लोकांत पाठ फिरवून उभी राहिली.

"हे पाहा, भाऊजी. नवरीले असं पाठवाचं हाय का घरी?"

पहिली हसली ती नवरीच. ती ऑटोने सासरी गेली.

दुसऱ्या दिवशी आई बाबांना घेऊन सुपेल्याच्या बाजारात गेली. सीटांचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने गाडीत डोकं घातलं, वास घेतला आणि म्हणाला, "चाचा, ये सीट है, जूता नहीं." मग त्याने रीत सांगितली. आधी सगळं पॉलिश पुसून काढायचं, बारीक सँडपेपर हलक्या हाताने फिरवायचा, भेगांत भराव घालायचा, त्यावर लेदरचाच रंग स्पंजने पातळ पातळ द्यायचा, प्रत्येक हात वाळू द्यायचा आणि शेवटी वरून रंग धरून ठेवणारा पारदर्शक थर. सामान आम्ही त्याच्याकडूनच घेतलं. बाबा पहिलाच हात जाड देऊ लागले तेव्हा आईने स्पंज काढून घेतला आणि त्यांच्याकडे पंखा धरायचं काम दिलं. सहा दिवस आमच्या गाडीच्या काचेवर आईच्या अक्षरातला कागद होता: कोणीही बसू नये.

सातव्या दिवशी परीक्षा होती. आईने बाबांना जुना पांढरा पायजमा-बंडी घालून भर दुपारी गाडीत बसवलं. तासभर ते उन्हात, उभ्या गाडीत, काचा खाली करून पेपर वाचत बसले. शेजारच्या काकांनी येऊन विचारलं की कुठं जाऊन राहिले. बाबा म्हणाले, कुठंच नाही, नुसता बसून राहिलो. काका माझ्याकडे बघून, बाबांची तब्येत बरी आहे ना असं खुणेनंच विचारून गेले.

तासाने आईने चष्मा लावला. बाबा गेटला हात टेकून उभे राहिले आणि तिने वरपासून खालपर्यंत, वाकून, पायजम्याचा कपडा चिमटीत धरून तपासला. घामाशिवाय कसलाही डाग नव्हता.

"जमलं," ती म्हणाली.

बाबा कपडे बदलायला आत निघाले तर तिने थांबवलं. स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसली, पदर सावरला, सीटवर दोनदा तळवा आपटून पाहिला आणि चला म्हणाली. कुठं, ते तिने सांगितलं नाही. बाबा बंडी-पायजम्यावरच गाडीत बसले. गाडी तीन वेळा खोकली आणि दोघं निघून गेले. मला येतेस का असं कोणी विचारलंसुद्धा नाही.