गोदानाच्या गाईची विक्री

बाबा गेले आणि दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरच्या चार गायी विकणं भाग पडलं. कशा विकायच्या, यावरून दादाचं नि माझं रोज वाजायचं. दूधवाल्याला तीन दुभत्या हव्या होत्या. चौथी, म्हातारी गाय नको होती. दादा हटून बसला, "चारही न्या, नाहीतर एकही नाही." दूधवाला कुरकुरत कबूल झाला.

"तिला मी सांभाळते," मी म्हटलं.

"लखनौहून?" दादाने विचारलं. माझी नोकरी तिथे.

म्हातारी गोदानाची गाय होती. बाबा घाटावरचे भटजी. यजमान तिची शेपटी धरून बाबांमागून संकल्प म्हणत, दक्षिणा देत, आणि संध्याकाळी ती आमच्याच दारी परत येई. शेपटीला हात लागला की संकल्प संपेपर्यंत हलायचं नाही, हे बाबांनीच तिला शिकवलेलं.

टेम्पो आला. तिघी चढल्या. म्हातारी चढेना म्हणून दादाने तिची शेपटी धरली, तशी ती डोळे मिटून उभी राहिली. त्याने ढकललं, शिव्या घातल्या. ती ढिम्म.

"तुला येतो ना संकल्प? मग म्हण की!" तो माझ्यावर ओरडला.

मी संकल्प म्हटला.

संपल्याबरोबर ती मुकाट्याने टेम्पोत चढली.