बोर्डावर नजर

"खेळ तू, मी ऐकतोय," असं म्हणत काका बोटांची पावडर पँटला पुसायचे. त्यांच्या मांडीवर कायम एक पांढरा ढग असायचा.

पुरुषांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून आमच्या भोईवाड्यात मोहीम चालू होती, तिचे ते कार्यकर्ते. मी कॉलेजतर्फे त्यांच्या मदतीला होते. पहिल्या सभेला मंडळाच्या खोलीत आम्ही ‘मन मोकळं करा’ असा मोठा बॅनर लावला. बायका आल्या. पुरुष वडापाव घेऊन जिन्यातच उभे राहिले.

काकांनी बॅनर गुंडाळला आणि कॅरम मांडला. "तोंडाकडे बघून आपली माणसं बोलत नाहीत गं. बोर्डाकडे बघत बोलतात."

खेळायचे मात्र फार वाईट. क्वीन घेतली तर कव्हर कधीच नाही. "पावडर दमट आहे," एवढंच म्हणायचे. तुम्ही तिथे असतात तर हसला असतात. पिवळ्या दिव्याखाली सोंगट्या टकटकत राहायच्या, आणि मधेच कुणीतरी घरचं काहीतरी हळूच सांगून टाकायचं.

माझ्या पप्पांची नोकरी गेली होती. ते घरात असून नसल्यासारखे वावरायचे. एकदा म्हणाले, "माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल."

मी काकांना सांगितलं. "विचारायची भीती वाटते. विचारलं आणि त्यामुळेच डोक्यात आलं तर?"

"विचारल्यानं येत नाही. आधीच आलेलं असेल तर बाहेर पडतं. त्यांना खेळायला घेऊन ये."

पप्पा आले. बऱ्याच वेळानं काकांनी स्ट्रायकर सरकवत सरळच विचारलं, "दादा, जीव द्यावासा वाटतो का?"



"वाटतं," पप्पा सोंगट्यांकडे बघत म्हणाले.

"सांगितलंत, बरं केलंत. आज एकटं राहायचं नाही. उद्या डॉक्टरांकडे मी येतो बरोबर."

"लोक वेडा म्हणतील."

"दोघांना म्हणतील. मला सवय आहे."

काका खरंच गेले. नंतरही पप्पांची पाळी येईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहायचे. मग मोहीम संपली. ते भायखळ्याला असतात, असं कुणीतरी सांगितलं.

परवा रविवारी पप्पांनी शर्ट चढवला. "चल गं, तुझ्या काकांना बघून येऊ."

आम्ही चालत गेलो. ज्याला विचारावं तो वेगळीच गल्ली दाखवायचा. ऊन रणरणत होतं, रस्ता पाण्याखाली असल्यासारखा हलत होता. काका भेटले नाहीत.

परतताना पप्पा भाजीबाजारात थांबले. मेथीच्या जुड्या उलटसुलट करून त्यांनी एक घेतली आणि माझ्या हातात दिली.

"आईला सांग, हात लावू नको. उद्या सकाळी मी निवडीन."