बॉलला हात न लागलेला माणूस

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि माझा उजवा गुडघा कामातून गेला होता. त्याआधी चार वर्षं मी आमच्या गावच्या कबड्डी संघाचा चढाईपटू होतो. गाव उस्मानाबादकडचं, ईट आणि वाशीच्या मधलं, लहानसंच. आमची बौद्धांची वस्ती त्याच्या खालच्या अंगाला. मैदानात मला पकडायला सात-सात जण अंगावर पडायचे, तेव्हा कोण कुठल्या आळीचा हे कुणी विचारत नसे. सामना संपला की पाणी प्यायला मात्र मी घरी यायचो.

ईटच्या जत्रेतल्या एका सामन्यात दोघांना शिवून मध्यरेषेकडं परत येताना एकानं घोटा धरला आणि दुसरा नेमका गुडघ्यावर पडला. उस्मानाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, चालता येईल, खेळता येणार नाही. त्यानंतर वर्षभर मी कबड्डीच्या मैदानाकडं फिरकलो नाही. पोरांचा गलका कानावर आला की उठून शिवाराकडं चालू लागायचो.

दुष्काळी कामावर सगळं गाव खडी फोडायला जात होतं. मला उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून मी घरी. एक दिवस ग्रामसेवक घरी आले. म्हणाले, "बोअर पाडायचं मशीन येतंय. त्याच्यासंगं एक अमेरिकन साहेब आहे. तुम्ही कॉलेजचं एक वर्ष केलंय, तेवढं इंग्रजी बोलाल का?"

मी हो म्हणालो. तेवढं इंग्रजी मला येतं की नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं.

मशीन आलं ते पिवळ्या ट्रकवर. सोबत चार मद्रासी कामगार आणि तो साहेब. तिशीचा, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा रुंद, उन्हानं लाल झालेला. गंमत म्हणजे तोही लंगडत होता. पहिल्या दिवशी मी त्याला वस्तीवरची जागा दाखवायला निघालो, तर आमच्या शेजारची म्हातारी आईला मोठ्यानं म्हणाली, "अगं बघ, दोन लंगडे पाणी काढाया निघाले!"

ती काय म्हणाली ते त्यानं विचारलं. मी कसंबसं सांगितलं. तो इतक्या जोरात हसला की म्हातारी पदर तोंडाला लावून घरात पळाली. मग त्यानं माझ्या गुडघ्याकडं बोट केलं, स्वतःची पँट वर सरकवली आणि गुडघ्यावरचा वीतभर व्रण दाखवला. म्हणाला, "फुटबॉल."

फुटबॉल मला माहीत होता, कॉलेजच्या मैदानावर बघितलेला. गोल बॉलला लाथा मारून गुडघा एवढा फाटतो कसा, ते कळेना. संध्याकाळी मशीन थांबल्यावर त्यानं पेटीतून त्याचा बॉल काढला. तो गोल नव्हताच. सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडं टोकदार, चामड्याचा, वर बुटासारखी लेस शिवलेली. त्यानं तो हातानं फेकला. बॉल स्वतःभोवती फिरत सरळ रेषेत गेला आणि एका मद्रासी कामगाराच्या छातीवर आदळला.

मला फेकायला पाय फारसा लागत नव्हता. म्हणून रोज संध्याकाळी मी फेकायला लागलो. पहिले आठ दिवस माझा बॉल जखमी पाखरासारखा कुठंही पडायचा. नवव्या दिवशी तो हातातून सुटला आणि फिरत, सरळ गेला. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या अंगानं माझं ऐकलं होतं. साहेबानं फक्त मान हलवली.

दुपारी मशीन गार होईपर्यंत आम्ही लिंबाखाली बसायचो. बोअरमधून निघालेले काळे दगड अकरा आणि मुरमाचे तांबडे अकरा मांडून तो मला खेळ समजावायचा. चार खेपा मिळतात. चार खेपांत दहा यार्ड पुढं सरकलं तर पुन्हा चार खेपा, नाही तर बॉल समोरच्यांचा. सरकत सरकत शेवटची रेषा ओलांडायची.

खरं सांगायचं तर मला तो खेळ आवडला नाही. आमच्या कबड्डीत एकदा आत शिरलं की दम असेपर्यंत थांबणं नाही. यांचं, तो सांगायचा त्यावरून, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच शिट्टी, आणि मग सगळे गोल करून कुजबुजत उभे.

मी म्हणालो, "हा खेळ नाही, ग्रामपंचायतीची मीटिंग आहे."

तो म्हणाला, "सगळा खेळ त्या कुजबुजण्यातच आहे."

मला पटलं नाही. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "यातला तू कोण?"

त्यानं पुढच्या रांगेतला एक काळा दगड उचलला. "हा."

"हा काय करतो?"

"समोरच्याला अडवतो."

"आणि बॉल?"

"मी चार वर्षं कॉलेजकडून खेळलो. बॉलला एकदाही हात लागला नाही."

माझं इंग्रजी चुकलं असं वाटून मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "एकदाही नाही. पुढच्या रांगेतल्या आम्हा पाच जणांचं काम एकच. मागं बॉल घेऊन उभा असलेल्याला कुणी शिवू द्यायचं नाही. माझा गुडघा गेला तो तसाच, दुसऱ्याला वाट करून देताना."

"मग लोकांना कळायचं कसं, तू खेळलास ते?"

त्यानं तो दगड हातात फिरवला. म्हणाला, "माझ्या आईला कळायचं. ती सामन्याला आली की बॉल कुठं आहे ते बघायचीच नाही."

त्या दुपारी मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी चढाईपटू होतो. माझ्या नावानं माणसं ओरडायची, टोप्या उडवायची. आमच्या संघाचा उजवा कोपरा एक धनगराचा गडी सांभाळायचा. चार वर्षं तो माझ्यासोबत खेळला, आणि त्याचं नाव घेऊन कुणी ओरडलेलं मला आठवेना. माझा गुडघा मोडला तेव्हा मला पाठीवर घेऊन बैलगाडीपर्यंत नेलं ते त्यानंच. आणि मी वर्षभर त्याच्या दारात गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडत खडीच्या कामावर गेलो. तो दगड फोडत बसला होता. म्हणालो, "तू कोपरा लई चांगला धरायचास."

त्यानं हातोडा खाली ठेवला. "आज काय आठवलं रे तुला?"

"सहज."

त्यानं बाजूचा दगड पुसून मला बसायला जागा केली. मग बराच वेळ आम्ही जुन्या सामन्यांचं बोलत बसलो. मुकादम दोनदा ओरडून गेला, तरी उठलो नाही.

परत येऊन मी साहेबाला सांगितलं, "पुन्हा मांड तुझे दगड. या वेळी त्या पाच जणांचंच सांग." त्या दिवसापासून तो खेळ मला आवडायला लागला.

आमच्या वस्तीवरच्या बोअरला पाणी लागलं. आधी राखाडी चिखल उडाला, मग गढूळ, मग स्वच्छ. हातपंप बसला. तो वस्तीच्या मधोमध होता आणि आमचा होता. आईनं पहिली कळशी भरली, तांब्या भरून साहेबापुढं धरला. त्यानं तिथंच उभ्यानं तो रिकामा केला आणि दुसरा मागितला. आई त्याच्याकडं बघतच राहिली. रात्री जेवताना म्हणाली, "पोराची आई कुठं असंल रं? तिला कळाया पायजे."

पंधरा दिवसांनी मशीन दुसऱ्या तालुक्यात गेलं. जाताना त्यानं वहीच्या पानावर पत्ता लिहून दिला. पुढं दरसाल नाताळात त्याचं पत्र यायचं. मी उत्तर लिहायचो. त्याच्या पत्रात त्याच्या गावचा संघ कसा खेळला, म्हणजे बहुतेक कसा हरला, हे पानभर, आणि घरचं चार ओळींत.

दुष्काळ सरला. माझं लग्न झालं. गावात दूध संस्था निघाली आणि मला तिथं सचिवाचं काम लागलं. बायको माकणीची, बोलायला धीट. संसाराला लागून दोनेक वर्षं झाली तेव्हा साहेबाचं पत्र आलं की, शॉर्टवेव्हवर अमेरिकन फौजेसाठी सामन्यांचं वर्णन लागतं, ऐकून बघ. तिकडं सोमवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडं मंगळवारची सकाळ. दुधाची गाडी कॅन घेऊन गेली की मी संस्थेच्या खोलीत ट्रान्झिस्टर कानाला लावायचो. खरखर, शिट्ट्या, मधेच कुठलीशी चिनी बाई, आणि त्या सगळ्याच्या खालून तो सामना.

उशिरा दूध घेऊन येणारे म्हणायचे, "सचिव, गाणी लावा की! हे काय तळल्यावानी वाजतंय?"

बायको चहा घेऊन यायची आणि दारातच टेकायची. पहिल्यांदा तिला वाटलं मी बातम्या ऐकतोय. मग विचारायला लागली.

"काय म्हणतोय त्यो?"

"तिसरी खेप. दोन यार्ड राहिलेत."

"दोन म्हंजी किती?"

मी उंबऱ्यापासून दुधाच्या घमेल्यापर्यंत हात केला.

"एवढंच? मग पळत जावा की! फेकाया कशाला पायजे?"

त्यांनी फेकला. समोरच्यानं मधल्यामधे झेलला. रेडिओत एकच आरडाओरडा झाला. मी कपाळाला हात लावला.

"म्या म्हणलं व्हतं," ती म्हणाली आणि कपबशी उचलून गेली. पुढच्या मंगळवारी चहा घेऊन आली ती पदर खोचून बसलीच.

साहेबाच्या गावचा सामना वर्षातून एखाद्याच मंगळवारी लागायचा. त्या दिवशी ती भाकरी आधीच थापून यायची. एकदा तिनं विचारलं, "तुमच्या सायबाच्या जागंवर खेळणाऱ्याचं नाव ह्यो घेतच न्हाय व्हय?"

"चूक केली तर घेतो," मी म्हणालो. "एरवी नाही."

ती हसली. "म्हंजी बायकांवानीच. कालवण खारट झालं तरच नाव."

मी तिच्याकडं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि मी तिला कालवणाबद्दल चांगलं असं कधी काय बोललो होतो? त्या दिवशी जेवताना बोललो. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

दहा-अकरा वर्षं आम्ही तो खेळ असा कानांनी ऐकला. डोळ्यांनी एकदाही बघितला नव्हता. पत्रात मी तसं लिहिलं असणार, कारण एके वर्षी पत्राऐवजी पुडकं आलं. आत व्हिडिओ कॅसेट. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "आमच्या गावानं हा सामना जिंकला. आमच्या टीव्हीवरून उतरवून घेतलाय. दोघांनी मिळून बघा."

गावात तेव्हा टीव्ही एकच होता आणि कॅसेटचं मशीन नव्हतंच. एका रविवारी आम्ही दोघं एसटीनं उस्मानाबादला गेलो. बसस्टँडच्या मागं एक व्हिडिओ सेंटर होतं. मालकानं कॅसेट उलटीपालटी करून बघितली. "ही अमेरिकेची हाय, दादा. आपल्या मशीनवर नीट चालायची न्हाय."

"नीट न्हाय तर न्हाय," बायको म्हणाली. "जेवढी चालंल तेवढी लावा."

त्यानं लावली. रंग नव्हता. चित्र खालून वर सारखं सरकत होतं, जणू कुणी कागदाची गुंडाळी ओढतंय. मालक टीव्हीच्या मागं हात घालून बटण पिळत बसला. एखाद्या क्षणी चित्र थांबायचं, आणि त्या क्षणात मैदान दिसायचं, पडत असलेलं बर्फ, माणसांच्या तोंडातून निघणारी वाफ. मी कल्पनेत पाहिलेलं मैदान आमच्या शिवारासारखं कोरडं होतं. बर्फाचा मी कधी विचारच केला नव्हता.

"थंडीत खेळतेत की ह्ये," ती हळूच म्हणाली.

मग दोन्ही रांगा समोरासमोर वाकल्या. चित्र थांबलं. मला ते पाच जण दिसले, खांद्याला खांदा लावून, एक हात जमिनीला टेकवलेले. बॉल मागं गेला, कॅमेरा त्याच्यामागं गेला. पण तेवढ्या वेळात मी बघितलं, त्यांच्यातल्या एकानं समोरच्याला अंगावर घेतलं आणि मागं सरकत सरकत धरून ठेवलं. माझे डोळे भरून आले. बायकोनं टीव्हीवरची नजर न हलवता माझ्या हातावर हात ठेवला. अर्ध्या तासानं मालकानं हात जोडले. मशीन तापलं होतं.

परतीच्या एसटीत बायकोच्या शेजारी येरमाळ्याला उतरणारी एक बाई बसली होती. कुठं गेला होता, असं तिनं विचारलं. बायकोनं सांगायला सुरुवात केली. बर्फ, वाफ, वाकलेली माणसं, शेवटची रेषा. तिच्या सांगण्यात अकराचे पंधरा झाले, साहेबाच्या गावचा संघ ‘आमच्या गावचा’ होऊन दुप्पट गुणांनी जिंकला आणि एक उडी अशी आली, जी मला काही दिसली नव्हती. ती बाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. "अगं बया! मग पुढं?"

मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो. बायकोनं मला कोपरानं ढोसलं, "व्हय की न्हाय वो?"

"व्हय," मी म्हणालो. "अगदी असंच झालं."