काका भांडायचे थांबले तेव्हा

गोवा राज्य होण्याच्या आदल्या वर्षी मी डिचोलीला काकांकडे राहून अकरावी करत होते. आमचं घर हळर्णला. तिथून रोजची ये-जा जमण्यासारखी नव्हती. काका सर्वणला प्राथमिक शाळेत मास्तर, आणि गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी या वादात पक्के मराठीच्या बाजूचे. काकी दक्षिण गोव्यातल्या सासष्टीकडची, ती कोकणीच्या बाजूची. रोज संध्याकाळी चहाबरोबर दोघांचं भांडण व्हायचं. काका मराठीची बाजू कोकणीतून मांडायचे, कारण चिडले की त्यांच्या तोंडात तीच यायची. काकी कोकणीचे मुद्दे मराठी वर्तमानपत्रातून काढायची, कारण घरात तेच यायचं. यात दोघांनाही काही विचित्र वाटत नसे.

दिवाळीनंतर काकांचं भांडणं हळूहळू कमी झालं. काकी काही बोलली की ते "हूं" म्हणायचे, तेही बऱ्याच वेळानं. मग आवाज घोगरा झाला. चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. जेवण अर्ध्यावर आलं तरी वजन वाढतच गेलं. एप्रिलात सगळं गाव घामानं निथळत असताना काका स्वेटर घालून शाळेत जाऊ लागले.

काकीची समजूत झाली की आपलं म्हणणं त्यांना पटलं. मराठीवाल्यांची समजूत झाली की घोषणा देऊन देऊन त्यांचा घसा गेला. त्यांनी देवळापुढच्या सभेत काकांचा शाल देऊन सत्कार केला. खरं तर काका दोनच मोर्चांना गेले होते, आणि दुसऱ्यात दमून एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिले होते. सत्काराला उत्तर द्यायला ते उभे राहिले, एक शब्द न बोलता शाल गळ्याभोवती घट्ट गुंडाळली आणि खाली बसले. लोक हेलावून गेले. त्यांना नुसती थंडी वाजत होती.

मग एक दिवस फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता काकांना उभ्यानं झोप लागली. काकी घाबरली. आम्ही तिघं बसनं म्हापशाला डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी काकांना खुर्चीवर गुडघे टेकायला लावून टाचेच्या वर छोट्या हातोडीनं ठोकलं. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला त्यानं चांगलाच वेळ घेतला. रक्त मुंबईला गेलं आणि पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला.

डॉक्टरांनी कागदावर मान काढून दाखवली. गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉईड नावाची फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी असते. तिचा रस थेट रक्तात उतरतो आणि शरीर किती वेगानं चालावं ते ठरवतो. अंगातली ऊब, नाडी, आतडी, अगदी विचारसुद्धा त्याच्याच तालावर चालतात. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी दुसरी ग्रंथी असते, ती हिला हुकूम पाठवते. काकांची गळ्यातली ग्रंथी थकली होती, म्हणून वरची हुकमांवर हुकूम सोडत होती.

काकीनं गंभीरपणे विचारलं, "डॉक्टर, ह्या आतल्या आत कुठल्या भाषेत बोलतात?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. दाराबाहेर बाकावर पेशंट बसले होते, त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग आवाज खाली आणून सांगितलं की भाषा नसते, नुसतं रसायन असतं; रक्त ते सगळीकडे नेतं, आणि ज्या पेशीला त्याची ओळख पटते तीच ते घेते. काकीला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं.

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी आणि त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नाही, असं ठरलं. दोनेक महिन्यांत स्वेटर उतरला, आवाज मोकळा झाला. गोळीची बातमी पसरल्यावर सत्कार करणारे थोडे खट्टू झाले. काका भेटले की ते हवापाण्याचं बोलत.

एका संध्याकाळी काकी शाळांमधल्या भाषेबद्दल काही सांगत होती. काकांनी तिला मध्येच तोडलं, "तुका कितें कळटा?"

काकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं दुखावली. स्वयंपाकघरात येऊन ती मला म्हणाली, "बरे झाले गो हे."

पुढे भाषेचा कायदा झाला, त्यात कोकणी राजभाषा ठरली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा मिळाली; मग राज्यही झालं. आपलीच बाजू जिंकली असं दोघंही म्हणत राहिले आणि भांडण वाढलं. पुढच्या तपासणीला काकीनं डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, रविवारची गोळी चुकवली तर चालेल का. डॉक्टर नाही म्हणाले. काकीनं ती एक दिवसही चुकवली नाही.