सासूबाईंच्या डोक्यातली पोकळी

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. जाऊ दे, तुमचा काही भरवसा नाही. चहा घ्या आणि ऐका. बाकीच्यांचा मूर्खपणा गल्लीत गाजतो, माझा चार खंडांत गाजला.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी सुरतच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि एमआरआयवर थोडंफार संशोधन करायची. त्या सुमारास परदेशातल्या एका विद्यापीठानं एमआरआयवाल्यांसाठी अभ्यासक्रम काढला, सगळा ई-मेलवर. दर आठवड्याला धडा यायचा, गृहपाठ पाठवायचा, आणि आपण लिहिलेलं प्रत्येक पत्र जगभरच्या सगळ्या विद्यार्थ्यांना जायचं. शिकवणारे सर म्हातारे, फार प्रेमळ. कॉलेजात इंटरनेट एकाच कॉम्प्युटरला, तोही प्राचार्यांच्या खोलीत. एक चित्र पाठवायचं तर तेवढ्या वेळात कुकर लावून डाळ शिजली असती. पण माझी ऐट काय विचारता! साडीवाल्यालासुद्धा सांगून यायची, मी ऑनलाइन शिकते म्हणून.

एकदा गृहपाठ आला: निरोगी माणसाच्या डोक्याचा स्कॅन काढा, चित्रं पाठवा, काय दिसतं ते लिहा. माणसाचं नाव, वय काही लिहायचं नाही, फक्त स्त्री की पुरुष एवढंच.

आता निरोगी डोकं आणायचं कुठून? विद्यार्थ्यांच्या परीक्षा चालू. आमचे हे सुरतेजवळच्या सचिन गावात, बँकेच्या शाखेत होते. ते म्हणाले, "मी त्या बोगद्यात जाणार नाही. तिथं माझा जीव गुदमरेल आणि तुझा गृहपाठ व्हायचा."

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मी येते की. माझं डोकं काय वाईट आहे?"

सासूबाई मूळच्या नंदुरबारच्या, वय अडुसष्ट, पण ताठ. आणि त्यांचा अंबाडा! उधन्यातल्या आमच्या सोसायटीत तो प्रसिद्ध होता. काळाभोर, नारळाएवढा. माझ्या शेपटीकडे बघून त्या रोज एक सुस्कारा टाकायच्या. "शिकेकाई लाव गं. आमच्याकडे बघ." दहा वर्षं मी हे ऐकत आले होते आणि मुकाट्यानं शिकेकाई लावत होते.

स्कॅन सेंटरवर दुपारच्या सुट्टीत आम्हाला वेळ मिळाली. सासूबाईंनी कुड्या काढल्या, चमकी काढली, बांगड्या, साखळी, चष्मा, सगळं माझ्या ओंजळीत दिलं. मशीनवाल्या भाईनं विचारलं, "माजी, माथामां पिन-बिन कंई नथी ने?"

"नथी रे भाई," सासूबाई म्हणाल्या आणि राणीसारख्या आत गेल्या.

संध्याकाळी फिल्म हातात आली, ती मी उजेडाकडे धरली. डोक्याच्या मागच्या बाजूला हे एवढं काळं भोक. कडेला पांढरी चंद्रकोर. तिथं मेंदू असायला हवा होता, तिथं काहीच नव्हतं. तिथले डॉक्टर लग्नाला बडोद्याला गेलेले, सोमवारी येणार. मशीनवाला भाई नुसता मान हलवत होता.

मी पळत सुटले. त्या काळी सुरतेत फिल्मचं कॉम्प्युटरवर चित्र करून देणारा चांगला स्कॅनर कुणाकडे? साड्यांची डिझाइनं काढणाऱ्यांकडे. रिंग रोडवरच्या एका दुकानात फिल्म काचेवर ठेवली. पोरगा स्क्रीनकडे बघून खूश झाला, त्याला ती साडीसाठी काढलेली बुट्टी वाटली. "बेन, आ बुट्टो मस्त छे. साडी माटे?"

"ना भाई," मी म्हटलं, "सासु माटे." आणि तिथंच मला रडू फुटलं.

चित्र सगळ्या जगाला पाठवलं. खाली लिहिलं, स्वयंसेवक, स्त्री. मागच्या भागात मोठी पोकळी. कृपया ताबडतोब मत द्या.

घरी ह्यांना सांगितलं. ते न्हाणीघरात गेले आणि नळ मोठा सोडला. मग आम्ही दोघांनी ठरवलं, आईंना कळू द्यायचं नाही. आणि ते इतक्या चतुराईनं लपवलं, की कुणालाही संशय यावा. मी त्यांना भाजी निवडू देईना. शिरा करून भरवला. त्या म्हणाल्या, "अगं, मीठ जास्त झालंय आमटीत." मी म्हटलं, "हो आई, तुमचंच बरोबर." त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. दहा वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"काय व्हयनं व?" त्यांनी अहिराणीत विचारलं. घाबरल्या की त्या अहिराणीत जायच्या. "घर विकलं का तुम्ही?"

रात्रभर मला एकच दिसत होतं. ही बाई गेली तर मला घालूनपाडून कोण बोलणार? हसू नका. कॉलेजातून यायला उशीर झाला की गॅलरीत उभं राहून वाट बघणारं माझं दुसरं कोण होतं?

दुसऱ्या दिवशी सरांचं उत्तर आलं. "अभिनंदन. इतकं सुंदर उदाहरण मला वर्षानुवर्षं मिळालं नव्हतं. ही पोकळी नाही, लोखंड आहे. त्या बाईंना त्यांच्या केसांबद्दल विचारा."

लोखंड! अहो, धातू जवळ असला की चित्रात काळं भोक पडतं, हा धडा मी स्वतः शिकले होते. पण सासूबाईंचं डोकं समोर आलं आणि माझं ठिकाणावर राहिलं नाही.

घरी जाऊन विचारलं. त्या उठल्या, दाराला कडी लावली, माझ्याकडे पाठ केली आणि अंबाडा सोडला. अंबाडा कसला, गंगावन होतं. मूठभर लोखंडी आकड्यांनी घट्ट अडकवलेलं. ते मशीन म्हणजे भलंमोठं लोहचुंबक; जुनं, कमी ताकदीचं होतं म्हणून निभावलं, नाहीतर भलतंच झालं असतं. खाली त्यांची स्वतःची वेणी करंगळीएवढी.

"तुझ्या नवऱ्याच्या बाळंतपणात गेले, ते परत आलेच नाहीत," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "तुझ्यासमोर कशी सोडू? मग तू माझं काय ऐकलं असतं?"

मी त्यांना मिठी मारली. हसत होते की रडत होते, मलाच कळेना. सगळी हकिगत सांगितली. त्या ऐकत राहिल्या, मग पदरानं माझे डोळे पुसले. "वेडी आहेस. एवढं वाईट वाटलं होय तुला माझं?"

"आता सरांना खरं कारण कळवावं लागेल, आई."

त्यांचा चेहरा पडला. "गंगावन आहे म्हणून जगाला सांगणार?"

"तुमचं नाव नाही दिलेलं. एक बाई, एवढंच लिहिलंय."

"एक बाई म्हणजे कोण? घरात बाया दोनच." त्यांनी माझा हात धरला. "तुझं होतं म्हणून लिही ना. तुला कोण ओळखतं तिथं?"

तो हात मला सोडवेना. लिहिलं. स्वयंसेवक स्त्री मीच, गंगावन माझंच, आकडे काढायला विसरले, क्षमस्व. जगासमोर टक्कल पत्करलं आणि मनात म्हटलं, चला, सासूबाईंची अब्रू वाचली.

दोन दिवसांनी सरांचं पत्र आलं, नेहमीसारखं सगळ्यांना. "आकड्यांचा उलगडा झाला, आनंद वाटला. पण डोकं आपलंच असेल तर एक विचारतो, राग मानू नका. आपलं वय साठीच्या पुढं आहे का? नसेल, तर मेंदूच्या डॉक्टरांना लवकर भेटा. मेंदू बराच आकसलेला दिसतो."

म्हातारपणी मेंदू थोडा आकसतोच. अडुसष्टाव्या वर्षाला तो अगदी शोभून दिसत होता. माझं वय होतं चौतीस. त्यानंतर आठवडाभर कुठून कुठून पत्रं आली, धीर सोडू नका, आम्ही प्रार्थना करतो. आणि मला खरं सांगायची सोय नाही.

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतात गं तुझे सर?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी मला जवळ घेतलं, माझ्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला आणि म्हणाल्या, "मला तर हे तुझ्या लग्नाच्याच वर्षी कळलं होतं. मशीनसुद्धा लागलं नाही."